जबड्याची जागा

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं परवा दुपारी जेवून गेली. विहाराच्या सतरंज्या परत पोचवल्या, मोठे गंज घासून अंगणात उपडे घातले, आणि घरात वैनी, मी आणि तो जबडा एवढेच उरलो.

माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलली. पुनर्वसनाच्या गावठाणात नळ यावा म्हणून तू किती चपला झिजवल्यास ते सांगितलं. धुऱ्याबांधावरून तुझं कुणाशी कधी वाजलं नाही, हेही सांगितलं. मलाही बोलायला उठवत होते. मी उठले नाही. लोकांना वाटलं, बहिणीला रडू आवरत नाही. खरं वेगळंच होतं. मला भीती होती की मी तोंड उघडलं तर आपलं भांडणच बाहेर पडेल. सहा वर्षांचं भांडण, आणि तू ते अर्ध्यावर टाकून गेलास. वैनीचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शहापूरहून निघून भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तुझ्या तोंडावर चादर आली होती.

म्हणून लिहिते आहे. बोलायला लागले की तू मधूनच उठून जायचास.

तो जबडा घरात आला तेव्हा मी नागपूरला बी.एस्सी. करत होते. आपलं जुनं गाव तेव्हा पाण्याच्या वर होतं. गोसीखुर्द धरणाच्या भिंतीचं काम चालू होतं. आज उठा, उद्या उठा असं सगळे म्हणत, पण उठत कुणी नव्हतं. तुला मुलगी झाली हे मला हॉस्टेलच्या फोनवर कळलं. नऊ दिवसांनी त्याच फोनवर ती गेल्याचं कळलं. माझी प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. मी आले नाही. आले ती पंधरा दिवसांनी.

ती दुपार आता मला रोज दिसते. पुढच्या सपरीत वैनी भिंतीकडे तोंड करून निजलेली. तू खाली बसून कुऱ्हाडीचा दांडा तासत होतास. आणि कोपऱ्यात, धानाच्या रिकाम्या पोत्यावर, ते. काळपट तपकिरी, दगडासारखं जड, माझ्या दोन्ही हातांत न मावणारं. कुठल्याशा जनावराचा खालचा जबडा. मी पिशवी टाकली आणि आधी त्याच्याकडे गेले. वैनीकडे नाही, तुझ्याकडे नाही. त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि पुढचे दात मोजायला लागले. सहा. गायी-म्हशीला खाली पुढे आठ असतात, आणि हे तर माझ्या अंगठ्याहून जाड, समोर रोखलेले, दोन्ही बाजूंना तुटलेल्या सुळ्यांचे बुंधे.

"दादा, हे कोठी सापडलं?"

"नदीत."

"नदीत कोठी?"

तुझं तासणं थांबलं नाही. "नदीत म्हनलं ना."

वैनीने कूस बदलली नाही. तिला मी जवळ घेतलं ते त्यानंतर, हात धुऊन.

पुढं तुम्हाला मूल झालं नाही. जबडा मात्र घरचा झाला. गाव उठलं तेव्हा ट्रॅक्टरमध्ये वैनीने भांड्यांचं पोतं धरलं आणि तू जबडा मांडीवर घेऊन बसलास. राकसाचं हाडूक घेऊन चालला म्हणून लोक हसले. मला लाज वाटली. नव्या घरात तू त्याला धानाच्या ढोलीजवळ जागा केलीस, तेव्हा मी म्हटलं, "आपन बौद्ध मानसं, दादा. घरात हाडूक मांडून बसतोस?"

"मांडलं कोठी? ठेवलं आहे."

ते खरंच होतं. त्याला कधी फूल वाहिलं नाहीस, उदबत्ती लावली नाहीस. एकदा शेजारची बाई तापलेलं लेकरू आणि नारळ घेऊन आली, तर तू दारातच सांगितलंस, "बाई, हे देव नोहे. पोराले डॉक्टरकडे ने," आणि स्वतः तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात घेऊन गेलास. मला तुझा अभिमान वाटला आणि कोडंही पडलं. देव नाही, शोभेची वस्तू नाही, शाळेला देशील तर तेही नाही. मग आहे काय? मी विचारलं तर म्हणालास, "पाहुनं आहे." म्हणताना हसला नाहीस.

मी मास्तरीण. मला कोडं राहवत नाही. मी फोटो काढले आणि जुन्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांना पाठवले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला आणि पुढच्या रविवारी ते स्वतः आले. सडसडीत माणूस, आल्या आल्या चपला काढून तुझ्या जमिनीवर मांडी घालून बसला. जबडा त्यांनी हातात घेतला नाही, आधी नुसता पाहिला. मग मान वर करून म्हणाले, "पाणघोडा. हेक्साप्रोटोडॉन. आपल्या देशातला होता, आता जगात कुठेही नाही."

"आपल्या नदीत होता?" तू विचारलंस.

"तेच तर तुमच्याकडून कळायला हवं."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हे खुरांचं जनावर. आफ्रिकेत जे पाणघोडे आहेत त्यांचा हा दूरचा भाऊबंद. पुढचे सहा दात ही त्याची खूण, त्यावरूनच नाव पडलं. देशातल्या दुसऱ्या नद्यांच्या जुन्या गाळात अशी हाडं मिळाली आहेत. हजारो वर्षांपूर्वी ते सगळे संपले. नद्या आटल्या म्हणून, की माणसांनी मारले म्हणून, की दोन्ही, हे पक्कं कुणाला माहीत नाही. वैनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. तू एवढंच विचारलंस:

"पिल्लू कोठी ठेवत? कोरडवर का पान्यात?"

सर म्हणाले, "आफ्रिकेतल्यांवरून सांगायचं तर पाण्यात. जन्मसुद्धा बऱ्याचदा पाण्यातच होतो. दूधही पाण्याखाली पितं."

"भेत नाई?"

"नाही. आई जवळ उभी असते."

तू मान हलवलीस. बराच वेळ हलवत राहिलास. मला वाटलं, चला, दादाला गोडी लागली. आता सांगेल.

सरांनी मग जागा विचारली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, जुने काठ उघडे पडतात. नेमकी दरड कळली तर तिथला गाळ तपासता येईल, कदाचित आणखी हाडं मिळतील. तू म्हणालास, "याद नाई, साहेब. लय वर्स झाले."

बुडालेल्या गावातल्या एकेका झाडाची जागा डोंग्यात बसून दाखवणारा माणूस तू. याद नाई! सरांना फाटकापर्यंत सोडायला गेले तर ते हळूच म्हणाले, "ताई, जागा नसेल तर हे फक्त एक सुंदर हाड आहे."

मी तणतणत परत आले. तू हापशीवर पाय धूत होतास.

"एका ओळीचं काम होतं, दादा. तुह्या नावानं नोंद झाली असती."

"मले नोंद नाई पाहिजे."

"तुले समजते का हे का आहे? असं जनावर आता जगात एक बी नाई. ते कोठी राहे, येवढं सांगाले तुले का होते?"

"मेलेल्याची जागा इचारू नये, बाई."

"ते मेलेलं नोहे, त्याचा दगड झाला आहे!"

तू पाठ फिरवून हापशी मारायला लागलास. आणि मी तुझ्या पाठीवर म्हणाले, "अडानी तो अडानीच राह्यला." हळू नाही, चांगलं मोठ्याने. मला शिकता यावं म्हणून शाळा सोडलेल्या भावाला मी हे म्हणाले. हापशीच्या दांड्यावर तुझा हात थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला.

त्यानंतर आपण बोलत होतोच की. धान कसं झालं, गुडघा दुखतो का, बदली झाली का. पण ते बोलणं नव्हतं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की तू सकाळी डोंगा घेऊन जायचास आणि दुपारी यायचास. मासे कधी आणले नाहीस. एकदा मी सुट्टीत आले होते, काठाकाठाने चालत मागं आले. पाहते तर डोंगा थांबलेला, त्यात तू बसलेला. जाळं नाही, गळ नाही. समोर पाण्यातून उघडी पडलेली दरड आणि भेगाळलेला गाळ. मी हाक मारली. माझी हाक पाण्यावरून तुझ्यापर्यंत गेली, कारण काठावरची एक ढोकरी बगळी उडाली. तू मान वळवली नाहीस. मला वाटलं, अजून रागात आहे. मीही फणकाऱ्याने परत फिरले. आता वाटतं, त्या दिवशी गाळात पाय बुडवून मी तुझ्याजवळ आले असते तर? तू सांगितलं असतंस का? की तेव्हाही नदीत एवढंच म्हणाला असतास?

परवा माणसं गेल्यावर वैनी सुपात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. सरांचा निरोप आला होता. आधी तुझ्या जाण्याचं दुःख, आणि मग भीत भीत, घरात कुणाला जागेबद्दल काही माहीत आहे का. मी सहज विचारलं. उत्तराची अपेक्षा नव्हती.

"वैनी, दादानं तुले कधी जागा सांगतली?"

"सांगतली. दाखवली बी."

"मंग मले काहून नाई सांगतलं कोनी?"

वैनीने सूप खाली ठेवलं. "तुमी कायचं इचारत होते, बाई? हाडकाचं. पोरीले कोठी ठेवलं, हे तुमी कधी इचारलं?"

नाही विचारलं. बावीस वर्षांत एकदाही नाही.

मग तिने सांगितलं. पोर सकाळी गेली. वैनी बाळंतीण, तिला उठता येत नव्हतं. तू कुणाला सोबत येऊ दिलं नाहीस. एका हातावर पोर आणि दुसऱ्या हातात कुदळ घेऊन नदीवर गेलास. दरडीखाली खोदायला घेतलंस. वर गोटे, खाली चिकणमाती. दोन हात खाली कुदळ वाजली.

"दगड वाटला त्यायले. हातानं माती काढली तं तोंड निंगालं. दात. येवढ्या मोठ्या तोंडानं पोरीकडं पाहून राह्यलं होतं, म्हने. लय भेले. कोनाचं तरी निजलेलं उकरलं असं वाटलं. दुसरीकडं खोदाचं तं हातात जीव नव्हता. मंग त्यायनं त्याले बाहेर काढलं, अन् त्याच्याच खड्ड्यात पोरीले ठेवलं." वैनीने पदराने तोंड पुसलं, पण ती रडत नव्हती. "पोरीले नेलं तसंच हातावर ते घेऊन घरी आले. मले म्हने, यानं आपल्या पोरीले जागा देल्ली. आता याले उघड्यावर कसा टाकू?"

मी ढोलीकडे पाहिलं.

"मी बी पह्यले भेली त्याले. मंग सवय झाली. घरात कोनीतरी आहे असं वाटे. पन तुमचे साहेब येऊन गेले अन् यायची झोप गेली. पानी उतरलं का लोकं खोदतीन, म्हने. येवढंसं हाड तिचं. त्यायले का समजन, कोनतं जनावराचं अन् कोनतं आपलं?"

दादा, दोन दिवस झाले, मला त्या घरात कुठं बसावं ते कळत नाही. ढोलीकडे तोंड केलं तर ते सहा दात दिसतात. पाठ केली तर पाठीवर जाणवतात. आणि मधूनच एक विशीतली मुलगी पिशवी टाकून आत येते, गुडघे टेकते आणि मोजायला लागते, एक, दोन, तीन. भिंतीकडे तोंड करून निजलेली बाई ते मोजणं ऐकते आहे. तू ऐकतो आहेस. मी तिला थांबवू पाहते, ती थांबत नाही. तुझा प्रश्नही येतो मधेच: भेत नाई? तेव्हा जुन्या गावावर पाणी चढून वर्षं झाली होती. तू कुणाबद्दल विचारत होतास, ते घरात वैनी सोडून कुणाला कळलं नाही. मी तर तुझ्या उत्सुकतेवर खूश होते.

मी ठरवलं, सरांना कळवून टाकायचं की जागा भावाबरोबर गेली. वैनीला तसं सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"नाई," वैनी म्हणाली.

"दादानं येवढे वर्स सांभाळलं, वैनी."

"त्यायले भेव होतं. मले नाई. बावीस वर्स मी कोनाजवळ तिचं नाव घेतलं नाई, बाई. जल्माचा कागद नाई, मरनाचा नाई. उद्या मी गेली का ती होती, हे कोनालेच ठावं राहनार नाई. तुमच्या साहेबाच्या कागदावर जागा लिवाची असते ना? लिवा. पन तिथं आमची पोरगी आहे, हे बी लिवा. खोदू नोका, हे बी लिवा."

"अन् दादा?"

"त्यायचं मी पाहून घेईन."

काल सकाळी आम्ही गेलो. वैनीला डोंगा वल्हवता येतो हे मला माहीत नव्हतं. तू तिला दर उन्हाळ्यात एकदा तरी नेत होतास, हेही माहीत नव्हतं. यंदा तुमचं जाणं राहूनच गेलं होतं. वाळलेल्या चिंचेच्या खोडाला वळसा घालून तिने डोंगा लावला आणि हात केला. पाहण्यासारखं तिथं काही नाही, दादा. भेगाळलेला गाळ, शिंपले, दरडीवर पाणी जिथवर होतं तिथं एक ओली रेघ. वैनी खाली उतरली, गाळात टाचेपर्यंत रुतली आणि नुसती उभी राहिली. तू बसायचास तसंच, न हलता. मला उतरवेना. मला एकच दिसत होतं, की खाली कुठेतरी मातीला त्या मोठ्या तोंडाचा आकार आहे आणि त्या आकारात एवढंसं कुणीतरी निजलं आहे. मी मोबाइलवर जागेचे आकडे घेतले. खात्रीसाठी परत घेतले.

घरी येऊन सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "तिथे कुदळ लागणार नाही, ताई. नोंदीतच तसं लिहू या. जबडा वहिनींना वाटेल तोवर घरीच राहू द्या." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या दिवशी त्यांनी पिल्लाचं विचारलं होतं." त्यांना आठवत होतं.

तू रागावशील. तुला वाटेल, जे मी मरेपर्यंत राखलं ते हिने दोन दिवसांत सांगून टाकलं. वाटू दे. चूक की बरोबर, मला अजून कळलेलं नाही. वैनीला कळलं आहे असं तिच्या तोंडावरून दिसतं. भांडायचं तर तिच्याशी भांड. माझ्याकडे तुझं दुसरंच देणं आहे. हापशीवर मी जो शब्द बोलले तो परत घेता येत नाही. तू शाळेचं पुस्तक सोडलंस ते माझ्यासाठी, आणि जी गोष्ट मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले, की जे सापडतं ते कुणाच्या तरी घरातून उचललेलं असतं, ती तुला कुणी न शिकवता येत होती. मी जागा जागा करत राहिले. जागा म्हणजे काय हे तुला माहीत होतं.

आज दुपारी वैनीसमोर बसून सरांच्या नोंदीचा तो कागद लिहायला घेतला. कुठे सापडला, कुणाला सापडला, एवढं झालं. मग 'कसा सापडला' आलं. मी लिहिलं, आपल्या नऊ दिवसांच्या मुलीला पुरण्यासाठी खोदत असताना. आणि पेन थांबलं. पाळण्यात घालण्याआधीच गेलेलं लेकरू.

"वैनी, तिचं नाव?"

"विसाखा. त्यायनं दुसऱ्याच दिवशी ठेवलं होतं."

मी हाताच्या सवयीने विशाखा लिहिलं. वैनीला अक्षरं लागतात. तिने कागदावर बोट ठेवलं. "हे श आहे, बाई. त्यायनं स म्हनलं होतं."

मी खोडलं नाही. तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागले.